खेळाचा तास

प्रत्येक वर्गाच्या भिंतीवर वेळापत्रक टांगलेलें असतें. त्यांत गणित, विज्ञान, इंग्रजी, मराठी ह्यांचे तास भरगच्च मांडलेले असतात. आणि आठवड्यांतून दोन वेळां, बहुधा दिवसाच्या अखेरीस, 'खेळ' ह्या दोन अक्षरांचें एक लहानसें घर असतें. कागदावरून हें घर कोणी पुसत नाहीं. तथापि दहावीच्या वर्गांत तें केवळ नांवापुरतें असतें, ही गोष्ट विद्यार्थ्यांस ठाऊक आहे, शिक्षकांस ठाऊक आहे आणि पालकांसही ठाऊक आहे. शाळा सुरू होऊन महिना लोटला न लोटला तोंच कोणी तरी शिक्षक त्या तासाला दारांत उभे राहतात व म्हणतात, "आज मैदानावर जावयाचें नाहीं; वह्या काढा." वह्या निघतात. पहिल्या आठवड्यांत मुलें कुरकुर करितात, दुसऱ्या आठवड्यांत सुस्कारा टाकितात, आणि तिसऱ्या आठवड्यापासून कांहीं विचारीतही नाहींत.

दारांत उभे राहणारे ते शिक्षक कित्येक वर्षें आम्हीच होतों. ह्या विषयावर चार शब्द लिहिण्याचें ऋण आमच्या डोक्यावर आहे, तें ह्याच कारणानें.

आमचें लहानपण मिशनच्या बोर्डिंगांत गेलें. 'रिकामें मन सैतानाचें घर' ही म्हण तेथें उठतां बसतां आमच्या कानीं पडे, आणि रिकामा बसलेला मुलगा दृष्टीस पडला कीं त्याच्या हातीं झाडू नाहीं तर पुस्तक यावयाचेंच. परंतु त्याच बोर्डिंगांत सायंकाळीं पांच वाजतां घंटा होई, आणि त्या घंटेपासून दिवेलागणीपर्यंत एकही मुलगा खोलींत सांपडतां कामा नये असा सक्त नियम होता. बोर्डिंगचे गुरुजी स्वतः खोल्यांना कुलूप लावीत. कोणी खो-खो खेळत, कोणी लगोरी रचीत, कोणी भाजीच्या वाफ्यांना पाणी घालीत. एक थोरला मुलगा पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवी. दोघे तिघे तर विहिरीच्या कट्ट्यावर बसून नुसत्या गप्पा मारीत. त्यांनाही कोणी हटकीत नसे. शिस्तीची एवढी चाड असलेल्या त्या माणसांनीं दिवसाचा एक तास आम्हांस मोकळा कां ठेवला असेल, हा प्रश्न तेव्हां आम्हांस पडला नाहीं. तो पडण्यासाठीं आम्हांस स्वतः शिक्षक व्हावें लागलें, आणि एक चूक करावी लागली.

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांत एक मुलगा होता. आठवी-नववींत असतांना तो खो-खोच्या संघांत होता. खांबाला वळसा घालून तो असा निसटे कीं, पाठलाग करणाराचा हात हवेंतच राही. अभ्यासांत मध्यम, स्वभावानें हसरा. दहावीचें वर्ष लागतांच आम्हीं त्याला जवळ बोलावून सांगितलें, "आतां एक वर्ष खेळ पुरे." घरूनही तेंच सांगणें झालें. सकाळीं क्लास, मग शाळा, खेळाच्या तासाला आमचें बीजगणित, सायंकाळीं पुन्हा क्लास, असा त्याचा दिवस ठरला. त्यानें कधीं तक्रार केली नाहीं, आणि तक्रार नाहीं म्हणून आम्हीं समाधान मानिलें. पूर्वपरीक्षेंत गणिताच्या पेपराला त्या खोलीवर आम्हीच पर्यवेक्षक होतों. एक तास उलटून गेला तरी त्याची उत्तरपत्रिका कोरीच होती. पेन धरलेला हात थरथरत होता आणि कपाळावर घाम आला होता. जीं उदाहरणें त्यानें आठवड्यापूर्वीं फळ्यावर सोडवून दाखविलीं होतीं तशींच समोर होतीं. परंतु त्याला एक पायरीही आठवेना.

पेपर संपल्यावर आम्हीं त्याला मैदानाच्या कडेला नेऊन बसविलें आणि काय होतें म्हणून विचारिलें. बराच वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, "सर, आधी दिवस संपायचा. खेळून घरी गेलो की वाटायचं, संपला आजचा दिवस. आता तो संपतच नाही. झोपलो तरी चालूच असतो."

ह्या बोलण्यावर आम्हांस कांहींच उत्तर सुचलें नाहीं. पुढें त्याला डॉक्टरांकडे नेलें, घरच्या मंडळींनीं समजूतदारपणा दाखविला, आणि मुख्य परीक्षेला तो बसला व उत्तीर्णही झाला. त्याचें श्रेय त्याच्या आईवडिलांचें व डॉक्टरांचें. आमच्या वांट्याला बोध तेवढा आला. आम्हीं त्याला आठवड्याला दोन तासांचें गणित दिलें होतें, आणि त्याच्या दिवसाचा शेवट काढून घेतला होता.

मनावर ताण येतो तेव्हां शरीरांत काय घडतें हें शास्त्रानें आतां पुष्कळ उलगडलें आहे. संकट दिसतांच मूत्रपिंडांच्या माथ्यावर असलेल्या ग्रंथींतून ॲड्रिनॅलिन व कॉर्टिसॉल हे स्राव रक्तांत मिसळतात. काळीज जलद चालूं लागतें, स्नायू ताठ होतात, पचन मंदावतें. आघात कोणत्याही प्रकारचा असो, शरीर त्याला पुष्कळ अंशीं एकाच ठराविक रीतीनें तोंड देतें, ही गोष्ट १९३६ सालीं हान्स सेली ह्या शास्त्रज्ञानें पुढें मांडिली, आणि तेव्हांपासून ह्या विषयाच्या अभ्यासास जोराची चालना मिळाली. ही शरीराची व्यवस्था मुळांत वाईट नव्हे. वाघ समोर आला तर पळावें किंवा झुंजावें एवढ्यासाठीं ती आहे, आणि संकट टळलें म्हणजे ती आपोआप शांत होते. परंतु विद्यार्थ्यापुढील वाघ कागदाचा असतो. त्याच्यापासून पळतां येत नाहीं, त्याच्याशीं झुंजतां येत नाहीं; बांकावर स्वस्थ बसून राहावें लागतें, आणि तो दहा महिने समोरून हलत नाहीं. असा ताण रोजचा झाला म्हणजे झोंप उडते, अन्न गोड लागत नाहीं, आणि ऐन वेळीं स्मरण दगा देतें. ज्या गुणांसाठीं आम्ही मुलांचा विसावा काढून घेतों, ते गुण मिळविण्याचें साधनच आम्ही बोथट करून ठेवितों. भर दुपारीं औत सोडून बैलांना झाडाखालीं बांधणाऱ्या शेतकऱ्यास कोणी आळशी म्हणत नाहीं. मग शाळेनेंच औत न सोडण्याचा पण कां करावा?

विसाव्याचा गुण शरीराला किती सूक्ष्म रीतीनें लागतो ह्याचें एक उदाहरण मनोवेधक आहे. अमेरिकेंत पेन्सिल्व्हानिया संस्थानांतील एका रुग्णालयांत पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रोग्यांच्या नोंदी रॉजर उलरिच ह्या संशोधकानें तपासल्या. कांहीं रोग्यांच्या खिडकींतून झाडें दिसत, तर कांहींच्या खिडकींतून विटांची भिंत. वय, प्रकृति वगैरे बाबतींत सारख्या असलेल्या रोग्यांच्या जोड्या लावून पाहतां, झाडें दिसणारे रोगी लवकर घरीं गेले आणि वेदना शमविणारीं जालीम औषधें त्यांना कमी लागलीं, असें आढळून आलें. हा शोध १९८४ सालीं प्रसिद्ध झाला. खिडकींतल्या झाडाचा जर एवढा प्रभाव, तर त्या झाडाखालीं अर्धा तास खेळणाऱ्या, त्याला पाणी घालणाऱ्या, किंवा त्याच्यावर बसलेला पक्षी कोणता हें शोधणाऱ्या मुलाला केवढा लाभ होत असेल! जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२० सालच्या आपल्या मार्गदर्शनांत पांच ते सतरा वर्षांच्या मुलामुलींस दिवसाला सरासरी ६० मिनिटें दम लागेल अशी हालचाल हवी असें सांगितलें आहे. आमच्या वेळापत्रकांतील ते दोन तास पुरते पाळले तरी ह्या मापाच्या जवळपासही आपण पोंचत नाहीं. आणि आपण तर तेही पाळीत नाहीं.

कोणी म्हणेल, थोर पुरुष कष्टांनींच थोर झाले. त्यांस आम्ही जॉन स्टुअर्ट मिल ह्या इंग्रज तत्त्ववेत्त्याचें चरित्र वाचावयास सांगूं. त्याच्या वडिलांनीं त्याला वयाच्या तिसऱ्या वर्षीं ग्रीक व आठव्या वर्षीं लॅटिन शिकविण्यास आरंभ केला. अभ्यासाची संवय मोडेल म्हणून त्याला सुटी अशी ठाऊक नव्हती. बरोबरीचीं मुलें खेळावयास नव्हतीं. आणि जी कांहीं करमणूक होती ती बहुतेक एकट्याची व पुस्तकी. विद्वत्ता आली, ह्यांत संशय नाहीं. परंतु १८२६ सालीं, ऐन विशींत, त्याचें मन एकाएकीं असें कोमेजलें कीं, कशांतच गोडी वाटेना. त्याला त्यांतून बाहेर काढण्यास ज्या गोष्टींचें साह्य झालें, त्यांत १८२८ सालीं वाचनांत आलेली वर्ड्स्वर्थची कविता होती. डोंगर, पाणी, साधीं माणसें ह्यांच्याकडे शांतपणें पाहण्यांतही आनंद आहे, हें त्याला त्या कवितेनें शिकविलें. ही सर्व हकीकत त्यानें स्वतःच आपल्या आत्मचरित्रांत प्रांजलपणें लिहून ठेविली आहे, आणि तें आत्मचरित्र १८७३ सालीं प्रसिद्ध झालें. एवढ्या मोठ्या बुद्धीच्या माणसालाही जें विशींत नव्यानें शिकावें लागलें, तें आपल्या मुलांच्या हातीं आज आहे; आणि तेंच आपण काढून घेत आहों.

आतां विसावा म्हणजे काय, ह्याविषयीं थोडा विचार केला पाहिजे. कारण वेळ घालविणें आणि विसावा घेणें ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. हल्लीं घरोघरीं मुलांच्या हातीं मोबाइल असतो. अभ्यास करून थकलेलें मूल "पांच मिनिटें बघतों" म्हणून तो उचलतें आणि तासाभरानें ठेवितें. ह्या यंत्राला आम्ही सैतान म्हणणार नाहीं. त्याच्या साह्यानें आम्हीं स्वतः पुष्कळ शिकलों आहों. परंतु एक साधी कसोटी आम्ही विद्यार्थ्यांस देतों. कोणतीही करमणूक झाल्यावर उठतांना आपलें मन हलकें आहे कीं जड, हें ज्यानें त्यानें प्रामाणिकपणें पाहावें. मैदानावरून घामाघूम होऊन आलेला मुलगा थकलेला असतो, पण चिडलेला नसतो. त्याला भूक लागलेली असते आणि झोंप लागणार असते. तास दीड तास पडद्यावर बोट फिरवून उठलेला मुलगा थकलेलाही नसतो आणि ताजाही नसतो. त्याचे डोळे चुरचुरत असतात आणि हांक मारली तर तो वसकन् अंगावर येतो. एका करमणुकींत मनुष्य स्वतः कांहीं करीत असतो. दुसरींत त्याच्यासमोर कांहीं तरी चाललेलें असतें आणि तो त्यांतून निघूं शकत नाहीं. फरक आहे तो इथें.

दुसरा धोका आम्हां वडील मंडळींकडून आहे, आणि तो चांगुलपणाच्या वेषांत येतो. मूल चित्र काढतांना दिसलें कीं आपण त्याला चित्रकलेच्या परीक्षेला बसवितों. गुणगुणतांना ऐकलें कीं गाण्याचा क्लास लावितों. बुद्धिबळाचा पट मांडला कीं स्पर्धेचा अर्ज आणितों. ह्या परीक्षा व स्पर्धा वाईट नाहींत. ज्याला त्यांत रस आहे त्यानें त्यांत अवश्य उतरावें. परंतु प्रत्येक छंदाला प्रमाणपत्राचें शेंपूट लावलेंच पाहिजे काय? ज्या चित्राला गुण मिळणार आहेत तें चित्र काढतांनाही हात थरथरतो. रवींद्रनाथ ठाकूर आपल्या कवितांच्या हस्तलिखितांत खोडलेल्या शब्दांवरून रेघा ओढीत बसत. त्या खाडाखोडींतून चमत्कारिक पशुपक्षी उमटूं लागले, आणि साठी उलटल्यावर ते चित्रकलेंत रमले. १९३० सालीं त्यांच्या चित्रांचें प्रदर्शन पॅरिस येथें भरलें, तेव्हां त्यांचें वय ६९ वर्षांचें होतें. नोबेल पारितोषिक १९१३ सालींच मिळविलेल्या त्या पुरुषाला चित्रें काढून कोणती परीक्षा द्यावयाची होती? खोडलेल्या ओळीशींही खेळावेंसें वाटणें, हीच त्या छंदाची सुरुवात होती. आमच्या मुलांच्या वह्यांच्या शेवटच्या पानावर अशींच चित्रें असतात, आणि तीं पाहून आम्ही शेरा मारितों, "वही नीट ठेवावी."

विसावा हा श्रीमंतांचा चैनीचा पदार्थ आहे, अशीही एक समजूत आढळते. तिचें उत्तर आमच्याच महाराष्ट्राच्या इतिहासांत आहे. मुंबईच्या कापडगिरण्यांत एके काळीं सूर्योदयापासून सूर्यास्तापर्यंत काम चाले आणि आठवड्याची ठराविक सुटी नसे. महात्मा फुले ह्यांचे सहकारी व 'दीनबंधु' पत्राचे संपादक नारायण मेघाजी लोखंडे ह्यांनीं १८८४ सालापासून कामगारांना एकत्र करून ज्या मागण्या मांडिल्या, त्यांत रविवारची सुटी ही एक प्रमुख मागणी होती. सभा भरल्या, अर्जांवर हजारों सह्या झाल्या, आणि अखेर १० जून १८९० रोजीं गिरणीमालकांनीं ती मागणी मान्य केली. पोटाची ददात असलेल्या त्या माणसांनीं मजुरीबरोबर विसाव्याचीही मागणी केली, ह्याचें मर्म आम्हीं ध्यानीं घेतलें पाहिजे. त्याच वर्षीं पुण्यांत हरि नारायण आपटे ह्यांनीं आपलें साप्ताहिक काढिलें आणि त्याचें नांव ठेविलें 'करमणूक'. गंभीर वृत्तीच्या त्या थोर कादंबरीकारालाही ह्या शब्दाची लाज वाटली नाहीं. आम्हां ख्रिस्ती लोकांच्या घरीं तर सहा दिवस काम व सातवा दिवस विसावा हा पाठ लहानपणींच मिळतो. आणि जगाची उत्पत्ति करणारानेंही सातव्या दिवशीं विसावा घेतला असें आपण ज्यांना शिकवितों, त्या मुलांचा रविवारही आपण क्लासाला देऊन टाकितों, ही विसंगति आमची आहे, मुलांची नव्हे.

ह्या संबंधांत एक गोष्ट मुद्दाम लिहितों, कारण ती सहसा बोलली जात नाहीं. मुलाचा विसावा परीक्षेच्या वर्षीं जातो; मुलीचा त्याच्या पुष्कळ आधीं गेलेला असतो. शाळा सुटल्यावर भाऊ बॅट घेऊन बाहेर पडतो आणि बहीण पाण्याचे हंडे, भाकरी, धाकटें भावंड ह्यांच्याकडे वळते. आमच्या एका विद्यार्थिनीला "तुझा छंद कोणता?" ह्या निबंधांत लिहावयास कांहींच सुचेना, म्हणून तिनें "घरकाम" असें लिहिलें. आम्हीं तो शब्द वाचून आधीं हंसलों आणि मग हंसल्याची लाज वाटली. घरकाम येणें हा गुणच आहे, आणि तो मुलांनाही यावा. परंतु जें टाळतां येत नाहीं त्याला छंद म्हणत नाहींत. पालकांना आमची हात जोडून विनंती आहे कीं, भांडीं भावानेंही घासावीं आणि सायंकाळचा अर्धा तास बहिणीलाही मिळावा. मग तिनें दोरीवरून उड्या माराव्या, रांगोळी काढावी, मैत्रिणीशीं बोलत बसावें किंवा कांहींच करूं नये.

खर्चाची अडचण पुढें करणारांस एवढेंच सांगावयाचें कीं, उत्तम विसावे बहुतेक फुकट असतात. खो-खोला दोन खांब आणि थोडें मोकळें मैदान पुरतें. ज्या खेळाचे नियम विसाव्या शतकाच्या आरंभीं पुण्यांत बांधले गेले, त्या खेळाची पहिली विश्वचषक स्पर्धा जानेवारी २०२५ मध्यें नवी दिल्ली येथें झाली, आणि भारताच्या पुरुष व महिला ह्या दोन्ही संघांनीं ती जिंकिली. ज्याला धांवणें जमत नाहीं त्यानें शाळेच्या आवारांतील पक्षी ओळखावे. साळुंकी, बुलबुल, दयाळ, तांबट, भारद्वाज हे आमच्या गांवागांवांत भेटणारे पाहुणे आहेत, आणि त्यांच्यासाठीं दुर्बीण लागतेच असें नाहीं. कोणी डब्यांत तुळस नाहीं तर मिरची लावावी. बीं पेरल्यापासून पहिलीं दोन पानें वर येईपर्यंत रोज सकाळीं डोकावून पाहण्यांत जी उत्सुकता आहे तिला परीक्षेची भीति शिवत नाहीं. चार जणांनीं मिळून गावें. ज्याला एकांत आवडतो त्यानें अभ्यासाशीं कांहीं संबंध नसलेलें पुस्तक वाचावें. आणि ज्याला ह्यांतलें कांहींच नको असेल, त्यानें आमच्या बोर्डिंगांतल्या त्या मुलांसारखें कट्ट्यावर बसून गप्पा माराव्या. दोन मित्रांच्या मोकळ्या बोलण्यानें मनावरचा जेवढा भार उतरतो, तेवढा आमच्या उपदेशानें उतरलेला आम्हीं कधीं पाहिला नाहीं.

एक आक्षेप राहिला, आणि तो सर्वांत जड आहे. त्या मुलाचा प्रसंग घडल्यावर आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलों आणि दहावीचे खेळाचे तास खेळालाच राहावे असें सुचविलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारिलें, "निकाल खालीं आला तर पालकांना उत्तर कोण देणार?" प्रश्न रास्त होता, शाळेची अब्रू निकालावर मोजली जाते, आणि तें माप आम्हीं शोधून काढलेलें नाहीं. त्या वेळीं आम्ही निरुत्तर झालों. तेव्हांपासून तडजोड अशी झाली आहे कीं, दिवाळीपर्यंत दहावीचा वर्ग मैदानावर जातो. दिवाळीनंतर तास पुन्हा विषय-शिक्षकांकडे येतात. म्हणजे ताण कमी असतो तोंपर्यंत विसावा, आणि ताण वाढला कीं विसावा बंद! उन्हाळा लागतांच पाणपोई मोडावी, त्यांतलाच हा प्रकार.

मुख्याध्यापकांच्या त्या प्रश्नाचें उत्तर आज आम्ही ह्या पानांवर देतों. पालकांना उत्तर आम्ही देऊं. आम्ही त्यांना सांगूं कीं, तुमच्या मुलानें दहा महिन्यांत दोन-चार गुण कमी मिळविले तर ते पुढें भरून काढतां येतील. परंतु सोळाव्या वर्षीं ज्याच्या दिवसाचा शेवट हरवला, त्याला तो पुन्हा कोठें शोधावयाचा हें सांगणारा क्लास कोठेंही नाहीं. ह्या पुढें खेळाच्या तासाला आम्ही बीजगणिताची वही घेऊन दारांत उभे राहणार नाहीं, हा आमचा शब्द आहे, आणि तो छापून ठेवावा म्हणूनच हा लेख वार्षिकासाठीं दिला. आमच्या सहकारी बंधुभगिनींनीं आपापल्या विषयापुरता तोच शब्द दिला, तर पुढल्या जानेवारींत दहावीच्या वर्गाला वेळापत्रकांतलें तें दोन अक्षरांचें घर भरलेलें दिसेल.

विद्यार्थिमित्रांनो, 'स्कूल' हा शब्द ज्या ग्रीक शब्दावरून आला, त्याचा मूळ अर्थ फुरसत असा होता. फुरसत मिळालेल्या माणसांनीं एकत्र बसून विचार करावा, बोलावें, शिकावें, त्या जागेलाच पुढें तें नांव पडलें. शाळेच्या नांवांतच जी गोष्ट आहे ती शाळेनें तुम्हांला द्यावी, हा तुमचा हक्क आहे. आणि ती मिळाली म्हणजे तिची नासाडी न करणें हें तुमचें कर्तव्य आहे. घंटा झाली कीं मैदानावर जा. खेळा, गा, झाडाला पाणी घाला, नाहीं तर नुसते बसा. मग घरीं जा, पोटभर जेवा, अभ्यास करा. आणि अंथरुणावर पडतांना आजचा दिवस संपला असें स्वतःला सांगून झोंपा.